खेळातली धडक आणि मनातली सवय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी आरतीला घरचे सगळे जमलो, पण पुतण्या काही येईना. आतून आवाज आला, "काका, रेस चालू हाय, मधीच थांबवता येत नाही की!" टीव्हीपुढं स्टीयरिंग लावून तो 'ग्रॅन टुरिस्मो' खेळत बसला होता. शेवटच्या वळणावर त्यानं पुढच्या गाडीला मुद्दाम ढकललं, पहिला आला आणि हसला. आजी दारातच उभी होती. म्हणाली, "ज्याला ढकललास तो कोण हाय रे?"

"कोण की! हाय ऑनलाइन कुणीतरी. खरी गाडी थोडीच मोडली, आजी?"

आरती झाली, प्रसाद झाला, तरी आमच्या मनातून ते जाईना. खेळातल्या धडकेचं कर्म लागतं का?

आधी एक कबूल करतो. आम्ही याला पोरखेळ समजत होतो, ते चुकलं. वळताना जोरात ब्रेक दाबला की टायरची पकड सुटते. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. हे त्या स्टीयरिंगमधली मोटर हाताला झटके देऊन शिकवते. वेल्समधल्या कार्डिफचा यान मार्डनबरो हा तरुण याच खेळावर हात बसवून 2011 मध्ये 'जीटी अकॅडमी' स्पर्धा जिंकला आणि खऱ्या शर्यतीत उतरला. म्हणजे हाताची सवय पडद्याबाहेर येते. मग मनाची येणार नाही का? "समोरचा कोण, मला काय त्याचं" हीसुद्धा सवयच की!

खेळ करणाऱ्यांनाही हे कळलेलं दिसतं. ऑनलाइन शर्यतीत ते चालकाला दोन श्रेण्या देतात, एक वेगाची आणि दुसरी सभ्यपणाची. धक्के मारणाऱ्याची दुसरी श्रेणी घसरते. पुतण्याची घसरलेलीच निघाली. आम्हाला त्यानं फक्त पहिली दाखवली होती!

पत्रा मोडला नाही हे खरं. पण पलीकडं कुणीतरी तासभर मन लावून बसला होता, त्याला फसवलं. तेवढं कर्म लागतंच, असं आमचं मत.

दुसरी गोष्ट 'पुन्हा सुरू' या बटणाची. याच मार्डनबरोची गाडी मार्च 2015 मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर हवेत उडाली, कुंपणापार गेली आणि शर्यत बघायला आलेला एक माणूस गेला. चालकानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, तरी गेला तो गेला. 2023 च्या सिनेमात हा अपघात प्रत्यक्षापेक्षा आधी घडलेला दाखवलाय. सिनेमात मरण मागंपुढं सरकवता येतं, त्या घरच्यांना नाही.

हे आम्ही पुतण्याला सांगितलं, कारण सोळाव्या वर्षी तो अप्पांच्या गाडीची चावी मागत होता. कायद्यानं अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात झाला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. पण आम्ही दंडाला भिऊन नाही म्हणालो नाही. गाणगापूरच्या वाटेवर पायी चालणारी माणसं असतात, म्हाताऱ्या असतात. त्या खेळात रस्त्यावर कुणी चालतच नाही.

तो दोन दिवस रुसला. रविवारी आम्ही सगळे भालकीहून दर्शनाला निघालो तेव्हा गपचूप अप्पांच्या शेजारी बसला. हुमनाबाद सोडल्यावर एका वळणावर म्हणाला, "अप्पा, ब्रेक आधी मारा, वळणात नको. पुढं माणसं हायत."

अप्पांनी वेग कमी केला.