पापाचा वाटा आणि परिवर्तनाचे श्रेय

कथात्म साहित्यातील नायक अमुक एका पात्रामुळे बदलला, असे विधान समीक्षेत सहज केले जाते. त्यातील ‘मुळे’ हा शब्द नेमके कोणते कार्य करतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते. दुसऱ्या पात्राने नायकाला बदलले असेल, तर ते परिवर्तन नायकाचे म्हणता येईल काय? आणि ते सर्वस्वी नायकाचेच असेल, तर त्या दुसऱ्या पात्राने केले तरी काय? हा पेच केवळ कथानकाच्या रचनेचा नाही. माणसाचे नैतिक उत्तरदायित्व ज्या स्वायत्ततेवर उभे असते, तिलाच तो स्पर्श करतो.

मराठी वाचकाच्या मनात या प्रश्नाचे एक जुने रूप वसत असते. वाल्या कोळ्याच्या प्रचलित कथेत नारद वाल्याशी वाद घालीत नाही. तो एकच प्रश्न विचारतो. ज्यांच्यासाठी हे पाप चालले आहे, ते त्यात वाटेकरी होतील काय? वाल्या घरी जाऊन विचारतो, बायकामुले नकार देतात आणि तेथून त्याचा बदल सुरू होतो. म्हणजे परिवर्तनाला निमित्त होतो तो नकार. पापाला वाटेकरी नसतो, हे ज्ञान वाल्याला त्याच्या स्वतःच्या कृतीसमोर एकटे उभे करते.

फ्योदोर दस्तयेवस्की याच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत हाच प्रश्न उलट दिशेने येतो. गहाणवट करणारी म्हातारी आणि तिची बहीण लिझावेता यांचा खून करणाऱ्या रास्कोलनिकोवला एकाकीपणाची जाणीव करून द्यावी लागत नाही. असामान्य माणसाला रक्त सांडण्याचा अधिकार असतो, हा त्याचा सिद्धान्तच एकाकीपणाचा सिद्धान्त आहे. खुनानंतर आई आणि बहीण यांच्याजवळ बसणेही त्याला असह्य होते. अशा माणसाची कबुली ऐकून सोन्या दूर सरत नाही. ती त्याला कवटाळते आणि सक्तमजुरीच्या ठिकाणीही सोबत येण्याचे वचन देते. वाल्याच्या घरच्यांनी जो वाटा नाकारला, तो सोन्या मागून घेते, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सोन्या वाटा घेते तो शिक्षेत, गुन्ह्यात नव्हे. चौरस्त्यावर जाऊन भूमीचे चुंबन घे आणि आपण खुनी आहोत हे सर्वांसमक्ष सांग, असे ती त्याला बजावते. कृत्य त्याचे आहे आणि त्याचेच राहिले पाहिजे, याविषयी तिच्या मनात संदेह नाही. प्रेमाने पाप पुसले जाते, असा दिलासा ती देत नाही.

बौद्धिक पातळीवर मात्र ती प्रत्येक वादात दुबळी ठरते. लुझिनने जगून दुष्टपणा करीत राहावे, की काटेरिना इव्हानोव्हनाने मरावे, असा प्रश्न रास्कोलनिकोव तिच्यापुढे टाकतो. ती उत्तर देत नाही. कोणी जगावे हे ठरविणारी न्यायाधीश आपल्याला कोणी केले, एवढेच ती विचारते. सिद्धान्ताचे हे खंडन नाही. ज्या आसनावर बसून तो सिद्धान्त मांडला जातो, त्या आसनावर बसण्यास दिलेला हा नकार आहे. मतपरिवर्तन आणि हृदयपरिवर्तन या मराठीत रूढ असलेल्या दोन शब्दांमधील अंतर येथे स्पष्ट होते. मत बदलण्यास प्रतिवाद लागतो. हृदय बदलण्यास वेगळ्या प्रकारे जगणारे माणूस समोर असावे लागते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पोलीसठाण्यात गेलेला रास्कोलनिकोव कबुली न देताच बाहेर पडतो. अंगणात पांढरीफटक पडलेली सोन्या उभी दिसते, म्हणून तो परत वर जातो. ही कबुली त्याची, की तिच्या नजरेची? कादंबरी या आक्षेपाला बगल देत नाही. कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे ती उपसंहारात स्पष्ट करते. खुनाला जवळजवळ दीड वर्ष लोटल्यावरही सायबेरियात आठ वर्षांची सजा भोगणारा हा माणूस आपल्या सिद्धान्ताला दोष देत नाही. आपण तो पेलू शकलो नाही, एवढीच चूक तो मान्य करतो. सोन्याशी तो तुसडेपणाने वागतो. दुसऱ्याच्या प्रभावाने कृती घडू शकते, परिवर्तन घडेलच असे नाही, ही मर्यादा येथे अधोरेखित होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. नायकाच्या उद्धारासाठी सोन्याचे केवळ साधन झाले नाही काय? तुरुंगातील प्रसंग या आक्षेपाची धार काही अंशी बोथट करतात. रास्कोलनिकोवचा तिरस्कार करणारे कैदी सोन्याला आईप्रमाणे मानतात, आणि याचे कारण त्याला उमगत नाही. तिचे जगणे आपल्याभोवतीच फिरते हा त्याचा समज तेथे ढळतो. पुढे ती आजारी पडून येईनाशी होते, तेव्हा तो अस्वस्थ होतो. ती पुन्हा दिसल्यावरच नदीकाठी तो तिच्या पायांशी कोसळतो. तरीही आक्षेप पुरता मिटत नाही. सोन्या स्वतः कोणामुळे बदलते, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. मिखाईल बाख्तीनला हा शेवट रूढ आणि एकस्वरी वाटला, त्यातही तथ्य आहे.

परंतु त्याच शेवटात एक तपशील असा आहे की तो एकस्वरीपणाला विरोध करतो. सोन्या धर्माचा भडिमार करील, अशी भीती त्याला सुरुवातीस वाटत होती. ती धर्माविषयी एक शब्दही काढीत नाही. नवा करार तो स्वतःच मागून घेतो, आणि कादंबरी संपते तेव्हाही तो न उघडलेलाच असतो. तिच्या श्रद्धा आपल्याही होऊ नयेत काय, हा विचार त्याच्या मनात येतो, पण ग्रंथ उघडण्याची कृती लेखकाने दाखविलेली नाही.

‘मुळे’ या शब्दाचा आशय या न उघडलेल्या ग्रंथापाशी सापडतो. नारद अखेरीस निघून जातो, सोन्या थांबते. दोघेही शेवटचे पाऊल मात्र ज्याचे त्याच्यावर सोडतात. दुसऱ्याच्या शिक्षेत वाटा घेता येतो. त्याच्या परिवर्तनाचे श्रेय घेता येत नाही. ज्याला हे श्रेय हवे असते, तो माणूस बदलू पाहत नाही. तो त्याच्यावर सत्ता गाजवू पाहतो, आणि रास्कोलनिकोवचा मूळ अपराध नेमका तोच होता.