गीत कोठून येते?



मंडळीत कोणी नवे गीत गाइले की, ते त्यास कोठून सुचले, असा प्रश्न आपण करितो. गीतरचना हे पंडितांचे काम, आपण शेतात राबणारी माणसे, असे समजून पुष्कळ जण मुके राहतात. या समजुतीस आम्हीच एकदा बळ दिले, हे लज्जेने कबूल करितो.

एके गावी एका वृद्ध बाईंनी खुरपणी करिताना सुचलेली, प्रभूच्या दुःखसहनाची ओवी आम्हांस म्हणून दाखविली. आम्ही तिचे दोन शब्द अशुद्ध ठरविले व एक चरण मोडून पुन्हा बांधला. पुढल्या भेटीत नवी ओवी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता न्हाई सुचत, पाळकसाहेब." पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या विहिरी बुजविल्या, तसेच आमच्या हातून घडले.

विहिरीतले पाणी कोणाचे, हे पवित्र शास्त्र सांगते. मोशे मेंढरे चारीत असता झुडूप जळत होते. तो पाहावयास वळला, तेव्हा देवाने त्यास हाक मारिली. ज्वाला देवाची, वळणे मात्र मोशेचे. दाविदाने चंद्र व तारे न्याहाळिले, आणि आठवे स्तोत्र निपजले. नाथानाने त्याचे पाप त्यास दाखविले, तेव्हा भग्न हृदयातून एकावन्नावे निघाले. स्फूर्ती ही देणगी होय. जो थांबून पाहतो व आपले अंतःकरण देवापासून झाकीत नाही, त्यास ती लाभते.

ती विद्वानांपुरतीच नाही. नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. आणि त्यांस तर अक्षरओळखही विवाहानंतर घरीच झाली.

म्हणून कामास लागण्यापूर्वी घटकाभर देवापुढे निवांत बसा. चरण सुचला आणि लिहिता येत नसेल, तर मुलांकडून लिहून घ्या. उपदेशक बंधूंनो, कोणी भीत भीत गाऊ लागले, तर आधी शेवटपर्यंत ऐका. चुका मागाहून पाहता येतील.

त्या बाईंची आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती केली. परंतु नवी ओवी अद्यापि म्हटलेली नाही. इसहाकाने बुजलेल्या विहिरी पुन्हा खणिल्या. आम्हीही त्यांच्या दारी जात असतो, आणि आता दुरुस्ती न करिता बसून ऐकतो. आपल्या गावी अशी बुजलेली विहीर असेल, तर प्रभू तुमच्याही हाती कुदळ देवो. आमेन.