श्वास यंत्रात गेला, तर प्राण कुठे असतो?

फुप्फुसे निकामी झालेला माणूस एक्मो यंत्रावर शुद्धीत असू शकतो, बोलू शकतो, प्रत्यारोपणाची वाट पाहत चार पावले चालूही शकतो. त्याचे रक्त बाहेर येऊन पॉलिमिथाइलपेंटीनच्या बारीक पोकळ तंतूंभोवती फिरते, ऑक्सिजन घेऊन, कार्बन डायऑक्साइड टाकून परत जाते. याउलट मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्या माणसाची छाती व्हेंटिलेटरवर हलत असते. आपला 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा मात्र त्याला मृत मानतो. ही दोन माणसे शेजारी ठेवली की श्वास म्हणजेच प्राण, ही पिढीजात समजूत टिकत नाही. छांदोग्य उपनिषदातली कथा याविरुद्ध पुढे केली जाईल: वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष निघून गेले तरी देह जगला, प्राण निघू लागताच सगळी इंद्रिये उखडू लागली. पण त्या कथेत प्राणाचे मोठेपण हवा आत-बाहेर करण्यात नाही, सगळ्यांना एकत्र धरून ठेवण्यात आहे. ब्रह्मसूत्रेही मुख्य प्राणाला निव्वळ वायू मानत नाहीत.

एक्मोतल्या या तंतूंचे पडदे घडवणाऱ्यांचा अनुभव त्याच दिशेने बोट दाखवतो. वायू आरपार नेणे हे त्यांचे तुलनेने सोपे काम. पूर्वीच्या पॉलिप्रॉपिलीन तंतूंच्या छिद्रांतून रक्तद्रव झिरपे, तो दोष नव्या तंतूंच्या सलग सालीने बराच दूर केला. खरी अडचण रक्ताची आहे. परका पृष्ठभाग लागताच त्यावर प्रथिने चिकटतात, बिंबिका जमतात, गुठळी धरते. म्हणून गुठळी रोखणारे हेपॅरिन द्यावे लागते आणि रक्तस्रावाची भीती वाढते. फुप्फुसात तेच रक्त सुमारे 70 चौरस मीटरवर पसरूनही गोठत नाही, कारण रक्तवाहिन्यांचे अस्तर त्याला सतत सांभाळत असते. कुणी म्हणेल, रक्ताचा असा सांभाळ तर मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्याच्या देहातही होतो, मग तिथेही प्राण आहे का? नाही, सुटे अवयव काही काळ आपापले काम करत राहतात, पण त्यांना बांधणारा मेळ गेलेला असतो. उद्या गुठळी न धरणारा पडदा तयार झाला तर? तो व्हावाच. अभियंत्यांच्या अपयशावर उभी राहणारी श्रद्धा फार काळ उभी राहणार नाही, आणि तिने राहूही नये. तो पडदाही फुप्फुस बरे करणार नाही, बरे होण्यासाठी किंवा प्रत्यारोपणासाठी वेळ देईल. म्हणून अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या नातेवाइकांनी डॉक्टरांना, श्वास चालू आहे का, एवढेच विचारून थांबू नये. आमचा माणूस परत येऊ शकेल का, हे विचारावे.