हातचा नेण्याचं काम

डिजिटल सही तपासायला आरएसएमध्ये सहसा २०४८ बिटांच्या संख्या लागतात. चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरमध्ये अशी संख्या ३२ तुकड्यांत बसते आणि अशा दोन संख्यांचा साधा गुणाकार म्हणजे १०२४ छोटे गुणाकार, प्रत्येकामागे बेरीज, प्रत्येक बेरजेला हातचा. चिंचपोकळीतल्या घरी बसून मी असेच कोड लिहितो, आणि त्यातला जीव माझ्या मते त्या हातच्यातच आहे.

इंटेल-एएमडीच्या घराण्यात हातचा ठेवायला कॅरी फ्लॅग ही एका बिटाची जागा असते. 'एडीसी' ही सूचना दोन तुकड्यांबरोबर तोही मिळवते. एका सूचनेत काम होतं. फक्त जपावं लागतं. लूप मोजताना 'ॲड' वापरलं की फ्लॅग पुसला जातो, म्हणून तिथे 'आयएनसी' नाहीतर 'एलईए' घ्यायची. त्या कॅरीला हात लावत नाहीत.

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपले प्रोसेसर रिस्क-फाइव्हचे. तिथे असा फ्लॅगच नाही. बेरीज करायची, उत्तर मूळ तुकड्यापेक्षा लहान आलं तर हातचा एक धरायचा. मागून आलेला हातचा मिळवायचा तर हेच पुन्हा. एका सूचनेच्या जागी पाच! आधी हे मला अन्यायाचं वाटे. पण एकाच फ्लॅगवर सगळ्या सूचना टेकल्या, की संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर होतं तसं होतं: पुढचा हलल्याशिवाय मागच्याला पाऊल टाकता येत नाही. फ्लॅग काढून टाकण्यामागचा विचार मला आता पटतो.

मग हातचा कमी वेळा न्यायचा. कर्व्ह२५५१९ साठी २५५ बिटांची संख्या ६४-६४ च्या चार तुकड्यांत कोंबण्याऐवजी ५१ बिटांच्या पाच तुकड्यांत मांडतात. प्रत्येक घरात १३ बिट मोकळे राहतात; बेरजांचे हातचे तिथेच साठतात आणि नंतर एकदाच पुढे सरकवले जातात. तुकडा एक वाढला, तरी अनेक बेरजांमधला अडथळा गेला. संख्या सोयीनं फोडायची ही मोकळीक आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त १३५ गुणिले १२ हे उदाहरण आहे, आणि तिथे बाराचे आठ आणि चार करून गुणण्याची रीत दिलेली आहे.

वेगाइतकीच काळजी चाचणीची. दोन यादृच्छिक तुकड्यांच्या बेरजेत सगळे बिट एक येण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक. म्हणजे हातचा एका घरातून आरपार पुढे जाण्याचा प्रसंग अशा चाचणीत येतच नाही. ओपनएसएसएलमध्ये २०१७ साली वर्ग काढणाऱ्या रुटीनमध्ये हातचा नेण्याचीच चूक सापडली होती. म्हणून माझी पहिली चाचणी ठरलेली: २०४८ बिट सगळे एक, अधिक एक. हातचा बत्तीसही घरं ओलांडून तेहेतिसाव्यात पोचला पाहिजे. घड्याळाचे ठोके मी त्यानंतर मोजतो.