सैनिकाची सद्सद्विवेकबुद्धी



दोन आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्याच धर्मग्रामातील एक आई सॅक्रिस्टीत आली. तिच्या मुलाची अग्निवीर म्हणून सैन्यात निवड झाली होती, त्याबद्दल उपकारस्तुतीची मिस्सा हवी होती. वहीत हेतू लिहून झाला, तारीख ठरली, तरी बाई निघेनात. मी पुढच्या मिस्साच्या घाईत होतो. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारले, "फादर, त्याच्या हातून कुणी मेलं तर त्याला पाप लागेल का?"

"छे हो, देशसेवा आहे ती. काळजी करू नका," मी म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. एवढा मोठा प्रश्न घेऊन आलेल्या आईला मी दीड मिनिटात वाटेला लावले, ही गोष्ट तेव्हापासून मनाला टोचते आहे. म्हणून आजचे हे पान तिच्यासाठी. तुमच्यापैकी ज्यांची मुले सैन्यात आहेत वा भरतीची तयारी करीत आहेत, त्यांच्यासाठीही.

आधी शुभवर्तमान पाहू. यार्देन नदीवर सैनिक स्नानक योहानाकडे आले आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कुणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, असे सांगितले. कफर्णहूमचा शताधिपती परकीय रोमी फौजेतला अधिकारी. पण एवढा विश्वास मला इस्राएलमध्येही आढळला नाही, असे प्रभूने त्याच्याविषयी म्हटले. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण प्रत्येक मिस्सात आपली अपात्रता कबूल करतो, ते शब्द मुळात या सैनिकाचे आहेत. कर्नेल्य शताधिपतीला पेत्राने स्नानसंस्कार दिला, तेव्हाही फौज सोडण्याची अट घातली नाही.

पण हाच पेत्र गेथशेमनी बागेत तलवार उपसून उभा राहिला, तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली. तीही कुणाच्या बचावासाठी? साक्षात निरपराध प्रभूच्या! त्या तलवारीला कारण नव्हते असे कोण म्हणेल?

या दोन्ही गोष्टी ख्रिस्तसभेने पहिल्यापासून हाताशी धरल्या आहेत आणि दोन्ही एकत्र धरताना तिची नेहमी ओढाताण झाली आहे. तेर्तुलियनसारख्या लेखकाने सैनिकी पेशाला कडाडून विरोध केला, तरी त्याच काळात रोमी सैन्यात ख्रिस्ती शिपाई होतेच. पुढे संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांनी युद्ध केव्हा न्याय्य ठरते याच्या अटी मांडल्या. आपल्या श्रद्धाग्रंथात त्या आजही आहेत: आक्रमकाने केलेली हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावी, बाकीचे सर्व उपाय थकलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी, आणि शस्त्रांमुळे मूळ अरिष्टापेक्षा मोठे अरिष्ट ओढवू नये. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. आजच्या शस्त्रांपुढे हे किती अवघड झाले आहे, हे पोप फ्रान्सिस यांनी 2020 च्या आपल्या विश्वपत्रात स्पष्टच लिहिले.

अटी वाचणे सोपे आहे. त्या एका माणसाच्या आयुष्यात उतरल्या म्हणजे काय होते, ते मला फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याकडे पाहून कळले.

हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यातला माणूस, जन्म 1907 चा. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. तरुणपणी तो काही संतबिंत नव्हता. गावात पहिली मोटरसायकल आणणारा, मारामारीत पुढे असणारा, आणि लग्नाआधीच एका मुलीचा बाप झालेला. 1936 मध्ये फ्रान्झिस्काशी त्याचे लग्न झाले, नवराबायको रोमला जाऊन आले आणि घरात रोज प्रार्थना सुरू झाली. तीन मुली झाल्या. पुढे तो गावच्या देवळाचा सेवकही झाला. 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झाले, तेव्हा साऱ्या गावात विरोधाचे मत एकट्या फ्रान्झचे पडले.

1940 मध्ये त्याला सैन्यात बोलावले, तेव्हा तो गेला. शपथ घेतली, प्रशिक्षणही घेतले. शेतीसाठी घरी परत पाठवल्यावर मात्र त्याने मनाशी ठरवले, की हिटलरच्या या युद्धासाठी पुन्हा बंदूक धरणार नाही. हे युद्ध दुसऱ्यांचे देश लुटण्याचे आहे आणि त्यात लढणे हे पाप आहे, असे त्याला वाटत होते. सल्ला मागायला तो लिंझच्या बिशपांकडे गेला. बिशपांनी सांगितले, की घरच्यांची जबाबदारी तुझ्यावर आहे, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याची नाही.

बंधुभगिनींनो, सॅक्रिस्टीतले माझे उत्तर आठवते ना? बिशप काही वाईट मनुष्य नव्हते. समोर तीन लेकरांचा बाप बसलेला होता आणि बिशपांना त्याचा जीव वाचवायचा होता. पण प्रश्न जिवाचा नव्हताच, आत्म्याचा होता.

फेब्रुवारी 1943 मध्ये पुन्हा बोलावणे आले. 1 मार्चला फ्रान्झने छावणीत जाऊन नकार कळवला. जखमींची सेवा करायला तो तयार होता. ती विनंती मान्य झाली नाही. फ्रान्झिस्काने आधी त्याची समजूत घालून पाहिली, पुढे ती त्याच्यामागे उभी राहिली. जुलैत गावच्या तरुण धर्मगुरूंबरोबर ती बर्लिनला जाऊन त्याला भेटली. ती शेवटची भेट. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रान्डेनबुर्गच्या तुरुंगात फ्रान्झचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. त्याच्या विधवेला गावाने दोष दिला आणि सरकारी निवृत्तिवेतन 1950 पर्यंत मिळाले नाही. 2007 साली लिंझमध्ये फ्रान्झला धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या मिस्साला 94 वर्षांची फ्रान्झिस्का हजर होती.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. 1937 ते 1950 मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसमोर लेखी निवेदनात फ्रान्झचे उदाहरण ठेवले आणि अशा माणसाला ख्रिस्तसभेने एकटे सोडू नये, असा आग्रह धरला. आपल्या वाडवडिलांचे दृढीकरण ज्यांच्या कारकिर्दीत झाले, त्यांचा हा आवाज! डिसेंबर 1965 मध्ये परिषदेचा दस्तऐवज निघाला, त्यात दोन्ही गोष्टी आल्या. जे सैनिक आपले काम प्रामाणिकपणे करतात, ते लोकांच्या सुरक्षेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक आहेत, शांतीला त्यांचाही हातभार लागतो. आणि सद्सद्विवेकबुद्धीमुळे जे शस्त्र धरायला नकार देतात, पण अन्य मार्गाने समाजाची सेवा करायला राजी असतात, त्यांच्यासाठी कायद्याने माणुसकीची सोय करावी.

9 ऑगस्ट ही तारीख माझ्या मनात आणखी एका कारणाने रुतली आहे. फ्रान्झच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, 9 ऑगस्ट 1945 रोजी, नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. उराकामी कॅथीड्रलमध्ये त्या वेळी स्वर्गोन्नयनाच्या सणाआधीचे पापनिवेदन चालू होते. तिथल्या सुमारे 12,000 कॅथोलिकांपैकी सुमारे 8,500 मृत्युमुखी पडले. आणि विमानाचा मुख्य वैमानिक? तोही कॅथोलिक. त्या हवाई तुकडीचे कॅथोलिक चॅप्लिन फादर जॉर्ज झाबेल्का यांनी पुढे जाहीर कबुली दिली, की निरपराध नागरिकांना मारण्याविरुद्ध आपण एकही प्रवचन केले नाही. ते वाचल्यावर मला त्यांच्यावर बोट दाखवता आले नाही. प्रवचनात आपणही कितीदा सोपा विषय निवडतो, हे माझे मलाच ठाऊक!

तर आता त्या आईच्या प्रश्नाकडे. बाई, आपल्या देशात सैन्यभरतीची सक्ती नाही, तुमचा मुलगा स्वखुशीने चालला आहे. सीमेचे रक्षण करताना, दुसरा उपाय उरलेला नसताना, त्याच्या हातून शत्रूचा सैनिक मेला, तर ख्रिस्तसभा त्याला खुनी म्हणत नाही. पण नि:शस्त्र माणसावर, जखमीवर, शरण आलेल्यावर हात टाकण्याचा हुकूम कुणी दिला, तर "साहेबांनी सांगितले" ही सबब देवापुढे चालत नाही. आपला श्रद्धाग्रंथ तसे स्पष्ट सांगतो. भरतीच्या दिवशी घरचे कपडे पेटीत ठेवता येतात, सद्सद्विवेकबुद्धी ठेवता येत नाही. आणि समजा काही पाप न करताही त्याच्या हातून कुणाचा जीव गेला आणि रात्री त्याला झोप लागेना, तर "तू बरोबरच होतास, विसर आता" असे त्याला सांगू नका. त्याला बोलू द्या. त्या मेलेल्यालाही एक आई असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणून तर तुम्ही तो प्रश्न विचारलात.

ठरलेल्या दिवशी मिस्सा होईलच. हेतूमध्ये तुमच्या मुलाच्या नावाबरोबर मी सीमेपलीकडच्या सैनिकांसाठीही प्रार्थना घालणार आहे. कुणाला हे खटकले तर मला येऊन भेटावे, बसून बोलू. मुलाला मात्र निघण्यापूर्वी एका संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. या वेळी मी घाईत नसेन.