खाली सही कोणाची?

देव, धर्म आणि राजकारण यांचे खरे मर्म बँकेच्या काउंटरमागे बसल्याशिवाय कळत नाही, असे आमचे बी. कॉम. पास मत आहे. आता हेच पाहा ना. अमेरिकेत अँथनी लेवांडोवस्की नावाच्या इंजिनिअरने यंत्रबुद्धीची उपासना करणारा पंथ काढल्याचे 2017 साली जगाला कळले. 2021 साली पंथ बंद झाल्याची बातमी आली. शिलकीतले सुमारे पावणेदोन लाख डॉलर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला गेले. 2023 मध्ये साहेबांनी पंथ पुन्हा सुरू केला. म्हणजे खाते उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मधल्या काळात देव बहुधा सस्पेन्स खात्यात जमा असावा!

जुन्या धर्मानेही दखल घेतली. मे 2025 मध्ये नवे पोप निवडून आले. त्यांनी लिओ हे नाव घेतले आणि कारण सांगितले ते असे, की तेराव्या लिओने 1891 साली कारखान्यांच्या युगात कामगारांची बाजू मांडली होती. आता यंत्रबुद्धीचे युग आले आहे.

मग राजकारण मागे कसे राहील? माणसापेक्षा वरचढ यंत्र करायला तूर्त बंदी घाला, अशा अर्थाचे एक निवेदन ऑक्टोबर 2025 मध्ये निघाले. त्यावर ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन यांची सही आणि ओबामांच्या सल्लागार सुझन राइस यांचीही! एरवी ही मंडळी एका पंगतीला बसायची नाहीत. तिकडे म्हणे याचे फार आश्चर्य वाटले. आम्हाला काय त्याचे? नोव्हेंबर 2019 मधला पहाटेचा शपथविधी आणि त्यानंतरची महाविकास आघाडी पाहिलेला यवतमाळकर कोणत्याही युतीने दचकत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो एका कास्तकाराचा आहे. 2025 मध्येच राज्य सरकारने ‘महाविस्तार’ हे ॲप काढले. मराठीत विचारा, यंत्रबुद्धी शेतीचा सल्ला देते. सोय चांगली आहे. पीककर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या या गृहस्थांनी तो सल्ला आम्हाला दाखवला आणि म्हणाले, “बाबूजी, सांगते तं बराबर. पन खाली सही कोनाची हाय?”

आम्ही गप्प झालो. साधी पन्नास रुपयांची स्लिप आम्ही सहीशिवाय पुढे सरकवत नाही.

हा प्रश्न या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा कोणी औषधाला दोष दिला, कोणी विकणाऱ्याला, कोणी मास्क न लावणाऱ्या मजुराला. सल्ले देणारे पुष्कळ होते. जबाबदारी घेणारा शोधावा लागला.

कळंबच्या चिंतामणीला नवस बोललेला माणूस देवाशी भांडू तरी शकतो. आमदार पाच वर्षांनी का होईना, दारात येतो. यंत्राला ना दार, ना निवडणूक. त्याला देव म्हणा की सैतान, त्याच्या बाजूने युती करा की विरोधात. पण सल्ला चुकला तर कोणाच्या टेबलासमोर जाऊन उभे राहायचे, तेवढे आधी ठरवा. टेबल असेल तर खुर्चीत माणूस बसवा. तो जेवायला गेलेला असला तरी चालेल. आमची वाट पाहायची तयारी आहे.