यदृच्छेचे कायदे

नाणे वीस वेळा उडवून छाप्याला १ आणि काट्याला ० मांडीत गेल्यावर कागदावर ०१०१०१०१०१०१०१०१०१०१ अशी ओळ उमटली, तर पाहणारा नाण्याविषयी शंका घेतल्यावाचून राहणार नाही; उलट ०११०१०००१०१११००१०११० ही ओळ तो बिनतक्रार मान्य करील. वस्तुतः दोन्ही ओळींची संभाव्यता एकच आहे, १०,४८,५७६ मध्ये एक. हा संशय निराधार खास नाही. परंतु त्याचा आधार कोणता, याचा जबाब संभाव्यतेच्या शास्त्रापाशी दीर्घकाळ नव्हता.

१९१९ साली रिचर्ड फोन मिझेस याने तो देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला. अनंत अनुक्रमात १ चे प्रमाण एका निश्चित मर्यादेकडे जावे, आणि अंक उघड होण्यापूर्वीच ठरलेल्या कोणत्याही नियमाने काही स्थाने निवडली, तरी त्या निवडीतही ते प्रमाण ढळू नये, असे दोन दंडक त्याने घातले. जुगाऱ्याने कोणतीही युक्ती लढवली तरी नाणे तिला दाद देत नाही, हा अनुभवच येथे व्याख्येच्या पदवीस चढला. पण ‘कोणताही नियम’ याची हद्द कोठवर? नेमकी १ चीच स्थाने निवडणारा नियमही मंजूर केला, तर एकही अनुक्रम तरत नाही. म्हणून १९४० साली अलोन्झो चर्चने सुचवले की, ज्यांचा अंमल ठरीव गणनविधीने करता येतो तेवढेच नियम ग्राह्य धरावेत.

तथापि व्याख्येवरचा खरा आघात त्याच्या आधीच झालेला होता, आणि या साऱ्या इतिहासात मला तोच सर्वांत उद्बोधक वाटतो. नियमांची कोणतीही गणनीय यादी द्या, त्या सर्वांना पुरून उरणारा, १ चे प्रमाण अखेरीस निम्म्यावरच जाणारा, परंतु कोणत्याही टप्प्यावर निम्म्याखाली न उतरणारा अनुक्रम रचता येतो, असे ज्याँ व्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १९३९ साली दाखवले. खऱ्या नाण्यात आघाडी दोन्ही बाजूंना पुनःपुन्हा फिरते, आणि तिचे चढउतार किती मोठे व्हावेत यालाही नियम आहे. व्हिलचा अनुक्रम तो नियम मोडतो. मिझेसने यदृच्छेला केवळ निषेधांनी बांधले होते. तिच्यावर कर्तव्येही आहेत, हे व्हिलमुळे उघड झाले. यादृच्छिक अनुक्रम बेबंद असतो ही लौकिक समजूत म्हणूनच मला चुकीची वाटते. त्याच्याइतका कायदे पाळणारा दुसरा अनुक्रम नाही.

१९६६ साली पेर मार्टिन-लोफने हीच दृष्टी व्याख्येत उतरवली. ज्या नियमाचे अपवाद गणनविधीने हव्या तेवढ्या अल्प मापात कोंडता येतात, असा प्रत्येक नियम जो पाळतो तो अनुक्रम यादृच्छिक. आणि अशा सर्व कसोट्या एका सार्वत्रिक कसोटीत सामावतात. कोल्मोगोरोव्हची वाट निराळी होती. यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकांवरचा त्याचा निबंध १९६३ साली कलकत्त्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात आला, आणि दोन वर्षांनी त्याने अंकमालेची जटिलता तिला छापून देणाऱ्या सर्वांत आखूड आज्ञावलीच्या लांबीने मोजली. पुढे लेव्हिन आणि श्नोर यांनी सिद्ध केले की, आज्ञावल्यांच्या रूपावर योग्य बंधन घातले, तर ज्यांचे आरंभखंड आखूड करता येत नाहीत ते अनुक्रम आणि मार्टिन-लोफचे अनुक्रम एकच. इतक्या भिन्न वाटा एका ठिकाणी मिळाव्यात, यावरून व्याख्या मर्मावर बसली असे मी मानतो. कसोट्या अधिक काटेकोरपणे गणनक्षम असाव्यात, हा श्नोरचा आक्षेप मात्र आजही विचारार्ह आहे.

आता व्यवहार पाहू. हजार द्विमान अंकांच्या मालांपैकी दहाहून अधिक अंकांची बचत होऊ शकेल अशा माला १,०२४ मध्ये एकीहूनही कमी. म्हणजे यादृच्छिकतेचा सुकाळच आहे. पण एखाद्या विशिष्ट मालेला तसा दाखला द्यावा म्हटले, तर चेटिनचा सिद्धांत आडवा येतो: कोणत्याही विश्वसनीय औपचारिक पद्धतीत, तिच्या स्वतःच्या आकारानुसार ठरणाऱ्या एका मर्यादेपलीकडची जटिलता कोणत्याच मालेबाबत सिद्ध करता येत नाही. रँड संस्थेने १९५५ साली दहा लक्ष यादृच्छिक अंकांचे पुस्तक छापले. त्यांच्या विद्युत्-यंत्राने दिलेल्या अंकांत तपासणीत किंचित कल आढळला, तेव्हा प्रत्येक कार्डावरचे अंक आदल्या कार्डावरच्या अंकांत मिळवून केवळ एकंस्थान ठेवण्यात आले, आणि मग ते चाचण्यांना उतरले. पहिल्या अंकांचा दोष सिद्ध करता आला. दुरुस्त अंकांची निर्दोषता त्याच अर्थाने सिद्ध करण्याची सोय मात्र गणितात नाही.